दोन तासांनंतरचा रकाना

बोईसरच्या पूर्वेला जे डोंगर आहेत त्यांच्यावरून निघालेला उजेड आमच्या प्रयोगशाळेत सव्वासातच्या सुमारास पोहोचतो. वाटेत त्याला रेल्वेच्या तारा ओलांडाव्या लागतात, मालगाड्यांनी उडवलेली धूळ ओलांडावी लागते, आणि हिवाळ्यात तो धुरकट थरही, जो औद्योगिक वसाहतीवर रात्रभर पसरून राहतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. त्यामुळे खिडकीशी येतो तेव्हा तो सोनेरी वगैरे नसतो; पातळ ताकासारखा, किंचित निळसर असतो. आधी तो खिडकीच्या कठड्यावर बराच वेळ थांबतो. मग टेबलाच्या कडेवर उतरतो, सेंट्रिफ्यूजच्या झाकणावरचा जुना ओरखडा उजळतो, सिंकमधल्या थेंबाला क्षणभर महत्त्व देतो. पुढे तो वॉटर बाथच्या पाण्यात शिरतो आणि छतावर एक थरथरता चौकोन उमटतो. शेवटी तो आदल्या दिवशीच्या, टाकून द्यायच्या नळ्यांपाशी येतो. निळ्या टोपणांच्या त्या नळ्यांत लाल पेशी तळाशी बसलेल्या असतात आणि वर प्लाझ्मा असतो, सुकल्या गवताच्या रंगाचा. उजेड त्यातून आरपार जातो. कोणाचे रक्त निरोगी आणि कोणाचे नाही, हे त्या उजेडात ओळखता येत नाही. सगळ्या नळ्या सारख्याच स्वच्छ आणि शांत दिसतात.

मला कामावर आठला हजर व्हायचे असते. सातलाच येतो, कारण माझ्या भाड्याच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. घर माहीमला, केळव्याजवळ. तिथे भाऊ-वहिनी आणि पानवेलीची वाडी आहे. रविवारी गेलो तर ताट वाढतात, नाही गेलो तर विचारत नाहीत. सकाळच्या त्या तासाभरात मला कोणाशी बोलावे लागत नाही, आणि कोणी आपल्याशी बोलत नाही हेही जाणवत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी उजेड वॉटर बाथपर्यंत आला होता, तेव्हा दाराशी रिक्षा थांबली. घिवलीचा अंकुश आईच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उतरला. दुसरा पाय गुडघ्यात वाकलेला होता आणि गुडघा नारळाएवढा झाला होता.

"दर्पणशेट," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "बघतोस काय? गुडघ्यात कलिंगड लावलंय. पीक चांगलं हाय."

"गप बस," त्याची आई तानीकाकी म्हणाली. "रातभर कण्हत होता, आता तोंड चाललंय."

अंकुश माझ्याच वयाचा, सव्वीस वर्षांचा. त्याला जन्मापासून हिमोफिलिया आहे. रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या घटकांपैकी आठवा, ज्याला आम्ही फॅक्टर आठ म्हणतो, त्याच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. जखम वाहत राहते. त्याहून वाईट म्हणजे सांध्यांच्या आत, काही दिसत नसताना, रक्त झिरपत राहते. सरकारी रुग्णालयातून मिळणारी फॅक्टरची सुई घेतली की ते थांबते.

"सुई घेतली?" मी विचारले.

"काल सकाळी घेतली, सांजला घेतली. पाणी टोचल्यासारखी. काय फरक नाय."

"रामादादा नाही आला सोबत?"

तानीकाकीने पदर तोंडावर ओढला. "त्याचं नाव काढू नको, बाबा. त्यानंच नेला याला बोटीवर. सख्खा मोठा भाऊ, आणि त्याला अक्कल नाय. मी त्याच्या हातचं पाणी नाय घेत आता."

मी रक्त काढायची सुई तयार करू लागलो.

हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त काढले की कापूस ठेवून पट्टी लावून चालत नाही. ती जागा दहा मिनिटे दाबून धरावी लागते. बहुतेक तंत्रज्ञ ते काम सोबत आलेल्या नातेवाइकाला देतात. मी देत नसे. चार वर्षांत अंकुश दीड-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या तपासणीसाठी येई, आणि दर वेळी ती दहा मिनिटे मी त्याचा दंड हातात धरून उभा राही. कोणाच्याही अंगाला सहज हात न लावणारा माणूस मी. पण दहा मिनिटे दोन माणसे इतक्या जवळ असतील तर त्यातल्या एकाला बोलावेच लागते, आणि अंकुशला बोलायला कारण लागत नसे. बोलता न येणाऱ्या माझ्यासारख्याची एका माणसाशी मैत्री झाली ती अशी, मोजून दहा-दहा मिनिटांची.

एकदा मी त्याला सांगितले होते की तुलनेसाठी लागणारा 'नॉर्मल' प्लाझ्मा आम्ही इथल्याच कर्मचाऱ्यांच्या रक्तातून करतो. आठ जणांचा एकत्र मिसळतो, त्यात माझाही असतो.

"तू नॉर्मल?" तो इतका हसला की कापूस सरकला. "कोणी सांगितलं तुला? दिवसभर बाटल्यांशी बोलतो हा, आणि म्हणे नॉर्मल!"

फेब्रुवारीच्या त्या सकाळी मात्र तो दहा मिनिटे छताकडे बघत राहिला.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट हिमानी मॅडम नऊला आल्या. त्यांनी गुडघा पाहिला, सुईची वेळ विचारली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इन्हिबिटर बघ. पूर्ण कर, दोन तासांसहित."

इन्हिबिटर म्हणजे काय ते अंकुशला मी पूर्वीच समजावले होते. बाहेरून दिलेला फॅक्टर काही रुग्णांचे शरीर परका समजते आणि त्याच्या विरोधात प्रतिद्रव्ये तयार करते. मग सुई टोचली तरी व्यर्थ जाते. दुसरी, दुर्मीळ औषधे शोधावी लागतात. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. रुग्णाचा प्लाझ्मा आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि किती सेकंदांत गाठ धरते ते पाहायचे. नुसती कमतरता असेल तर निरोगी रक्तातला फॅक्टर ती भरून काढतो आणि वेळ नेहमीसारखी येते. पण फॅक्टर आठचा इन्हिबिटर सावकाश काम करतो. मिसळल्याबरोबर मोजले तर तो बहुधा लपून राहतो. मिश्रण वॉटर बाथच्या सदतीस अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवून पुन्हा मोजले की मग तो दिसतो. म्हणून आमच्या नोंदवहीत दोन रकाने आहेत: 'तात्काळ' आणि 'दोन तासांनंतर'.

तात्काळ आकडा पस्तीस सेकंद आला. चांगला.

मग मी दोन तास वॉटर बाथपाशी उभा राहिलो. बसलो नाही, चहा घेतला नाही. एका नळीत अर्धे अंकुशचे रक्त होते आणि अर्ध्यात, आठ जणांत वाटलेले का होईना, माझे. बाहेरून काहीच घडत नव्हते. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी नळी उचलली, गोठणे सुरू व्हावे म्हणून कॅल्शियम घातले, स्टॉपवॉच सुरू केले, आणि नळी दिव्यासमोर पुन्हा पुन्हा तिरकी करू लागलो. द्रव एका बाजूकडून दुसरीकडे पाण्यासारखा वाहत राहिला. पस्तीस झाले. चाळीस. पन्नास. माझ्या मनगटाला रग लागली. अडुसष्टाव्या सेकंदाला पहिला जाळीदार धागा दिसला.

मी वॉटर बाथचे तापमान दुसऱ्या थर्मामीटरने तपासले. सदतीस. नुसता नॉर्मल प्लाझ्माही तेवढाच वेळ ठेवला होता. तो तेहतीस सेकंदांत गोठला. रसायनाची नवी कुपी फोडली आणि राखून ठेवलेल्या प्लाझ्मावर सगळे पहिल्यापासून केले. आणखी दोन तास. सदुसष्ट.

मॅडमना दाखवले. त्यांनी नोंदवही मागवली आणि पाने मागे उलटली.

"नोव्हेंबरात केलेली. चौतीस आणि छत्तीस. म्हणजे तेव्हा नव्हता, गेल्या तीन महिन्यांत झालाय." त्यांनी माझ्या सहीकडे पाहिले. "तू केलेली आहे, म्हणजे शंका नाही. दुसऱ्या कोणाची असती तर विचारलं असतं."

मी मान हलवली. मान हलवणे हे खोटे बोलण्यात धरत नाहीत, असे मी तेव्हा मानत होतो.

नोव्हेंबरातली ती दुपार मला तासातासाने आठवते, कारण बोईसरच्या चार वर्षांत आठवणीत ठेवावी अशी ती एकच आहे. डॉक्टर अंकुशला आठवड्यातून दोनदा नियमित सुई सुरू करणार होते आणि त्याआधी इन्हिबिटर नाही याची खात्री हवी होती. तो अडीचला आला. मी रक्त काढले, दंड धरला, तात्काळ आकडा घेतला, चौतीस, आणि नळ्या पाण्यात ठेवल्या.

"आता?" त्याने विचारले.

"आता दोन तास थांबायचं."

"आणि तू काय करणार? त्यांच्याकडे बघत बसणार? त्या काय पोहायला शिकतायत?" त्याने स्कूटरची किल्ली बोटात फिरवली. "चल घिवलीला. दादाची बोट यायची वेळ झाली. दोन तासांत आणून सोडतो. चल रे, तुला कधी कोणी बोलावतं तरी काय?"

हे शेवटचे त्याने थट्टेने म्हटले, पण ते खरे होते आणि मी गेलो.

घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूंवर टांगलेले होते, आणि लांब अणुशक्ती केंद्राच्या इमारती दुपारच्या उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. बोट आली. रामादादा, अंकुशपेक्षा दहा वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, कमरेएवढ्या पाण्यातून टोपली डोक्यावर घेऊन आला आणि मला म्हणाला, "तूच तो रक्तवाला? हा घरात तुझ्याच गोष्टी सांगतो." माझ्या गोष्टी! मला कळेना की माझ्याबद्दल सांगण्यासारखे काय असू शकते. तानीकाकीने तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली. अंकुश वाळूत पाय पसरून सांगत होता की शाळा सुटल्यापासून तो जाळी विणतो, जाळी सांधतो, पण त्या जाळ्यांमागून समुद्रात तो कधीही गेलेला नाही.

"रिपोर्ट चांगला आला," तो म्हणाला, "की सुई घेऊन एकदा जायचंय. एकदाच. किनारा तिकडून कसा दिसतो ते बघायचंय."

पाचला मी घड्याळ पाहिले आणि मनगट उलटे केले. उठलो असतो तर कोणी अडवले नसते. अंकुशने स्वतः दोनदा विचारले, "जायचं ना रे?" दोन्ही वेळा मी म्हणालो की अजून वेळ आहे.

प्रयोगशाळेत पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते. नळ्या पाच तास पाण्यात होत्या. इतका वेळ ठेवलेल्या मिश्रणातला फॅक्टर आपोआपच मरतो. त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. मी त्या सिंकमध्ये ओतल्या. थोडा प्लाझ्मा शिल्लक होता, पण पुन्हा दोन तास म्हणजे दहा वाजले असते, आणि अंकुशला रिपोर्ट सकाळी हवा होता. तात्काळ आकडा चांगला होता. तो चार वर्षांत कधी बिघडला नव्हता. बहुतेकांना इन्हिबिटर होत नाही. माझ्या अंगाला अजून खाऱ्या वाऱ्याचा वास येत होता. मी अहवाल पूर्ण करून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

डिसेंबरात आणि जानेवारीत नियमित सुया चालू राहिल्या. जानेवारीच्या शेवटी, सकाळी सुई घेऊन, अंकुश रामादादाच्या बोटीवर गेला. एकदा गेला, काही झाले नाही, म्हणून पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला जाळे ओढताना गुडघा फळीवर आपटला.

मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आठ दिवसांनी आला. इन्हिबिटरची पातळी बरीच वर होती. तिथल्या डॉक्टरांनी अंकुशला दाखल करून घ्यायचे ठरवले आणि हिमानी मॅडमना फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: हा कधीपासून आहे? नवा असला तर उपचार एका रीतीने करायचे, जुना असला तर दुसऱ्या. मॅडमनी माझ्यासमोरच सांगितले, "नोव्हेंबरपर्यंत नक्की नव्हता. आमच्याकडे नोंद आहे."

मी त्यांच्यासमोर उभा होतो. अजूनही वेळ होता. मी म्हणालो, "मॅडम, नोव्हेंबरात वॉटर बाथ नीट तापत नव्हतं बहुतेक. थर्मोस्टॅटची तक्रार होती."

त्यांनी क्षणभर विचार केला. "तसं असेल तर कळवायला हवं. शंका आहे म्हणून लिहिते. यंत्राचं काय, कधीही दगा देतं." आणि मवाळपणे, "मनाला लावून घेऊ नकोस."

त्या दिवशी खोलीवर जाताना मला खूप हलके वाटले आणि त्या हलकेपणाची भीतीही वाटली. थर्मोस्टॅटची तक्रार नोव्हेंबरात नव्हती. मागच्या मे महिन्यात होती आणि तेव्हाच दुरुस्त झाली होती.

रविवारी मी माहीमला न जाता घिवलीला गेलो. अंकुश सोमवारी मुंबईला निघणार होता. तो ओटीवर खाटेवर पडला होता, पायाखाली दोन उशा. मला पाहून नेहमीसारखे काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडले, पण ते जमले नाही.

"माझीच चूक, दर्पण," तो म्हणाला. "सुई चालत होती तोवर घरात बसलो असतो तर चाललीच असती. समुद्रात गेलो, अंगाला दणका बसला, म्हणून रक्त बिघडलं. आई पण तेच म्हणते."

"तसं होत नाही," मी म्हणालो. "दणक्यानं इन्हिबिटर होत नाही."

"मग कशानं? नोव्हेंबरात चांगलं होतं. मधी दुसरं काय झालं?"

तानीकाकी दारात बसून भाताचे तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मधी तुझा भाऊ झाला. नोव्हेंबरात माझं पोर धड होतं, कागदावर लिवलंय. मी तो कागद देवाकडं ठेवलाय." मग मला, जरा मऊ आवाजात, "तू बस, पोरा. तूच एक आला. बाकी कोण येत नाय."

मी बसू शकलो नाही. पाणी पिऊन येतो असे काहीतरी म्हणालो आणि बाहेर आलो.

रामादादा भरतीच्या रेषेपलीकडे ओढून ठेवलेल्या बोटीच्या सावलीत एकटाच बसला होता. बोट पंधरा दिवस समुद्रात गेली नव्हती. हातात जाळे होते, पण तो काही सांधत नव्हता. मी जवळ गेलो तेव्हा त्याने थोडी जागा करून दिली, जशी माणसे न विचारता देतात.

"आई काय बोलली?" त्याने विचारले.

"नेहमीचंच."

"बरोबर बोलते ती." त्याने जाळ्याची एक गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. "मला तो म्हणाला, दादा, रिपोर्ट चांगला हाय, डॉक्टर लोकांनी लिवून दिलंय. मी कागद वाचायला शिकलो नाय. पण म्हटलं, आता लिवलंय तर नेऊ याला. इतकी वर्षं किनाऱ्यावर बसून बोटी मोजायचा तो. पैल्या दिवशी काय हसला, सांगू! उलट्या करत होता आणि हसत होता." तो थांबला. "मी नेला नसता तर बरा असता."

समोर ओहोटी लागली होती. पाणी मागे जात होते आणि चिखलात छोटे खेकडे बाहेर येत होते. माझ्या मनात थर्मोस्टॅट होता, पाच तास होते, स्कूटरची किल्ली होती, ती सर्व वाक्ये होती जी मी तीन महिने नीट रचून ठेवली होती आणि जी ऐकणाऱ्याला पटतील अशी होती. मॅडमना तर ती पटलीही होती. अंकुशलाही पटली असती; त्याने हसून माझ्या पाठीवर थापही मारली असती. आणि मुंबईहून परत आला की पुन्हा दहा मिनिटे त्याने माझ्यासमोर हात पुढे केला असता.

"दादा," मी म्हणालो, "तुम्ही नेलं म्हणून झालं नाही. रक्तातला हा बिघाड आधीपासून असू शकतो. नोव्हेंबरात तो होता की नव्हता, हे कोणालाच माहीत नाही."

"कसं माहीत नाय? तपासलं ना तुमी?"

यंत्राचे नाव माझ्या ओठांवर आले होते. रामादादा माझ्याकडे बघत होता; त्याच्या नजरेत संशय नव्हता, एक लहानशी, घाबरलेली आशा होती.

"यंत्र चांगलं होतं," मी म्हणालो. "दोन तासांनंतर पुन्हा मोजायचं असतं. त्या दिवशी मी इथे, तुमच्याकडे बसलो होतो. कागदावरचा तो छत्तीस आकडा मी मोजला नव्हता."